टेबलाभोवतीचं दुसरं जग: रोल-प्लेइंग खेळात माणूस रमतो तेव्हा नक्की काय होतं?

2004 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉपन तुरुंगात जन्मठेप भोगणाऱ्या एका कैद्याच्या कोठडीची झडती झाली. अधिकाऱ्यांनी 21 पुस्तकं, 14 मासिकं आणि त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं 96 पानांचं बाड जप्त केलं. शस्त्रं नाहीत, अमली पदार्थ नाहीत. सगळा मजकूर एका खेळाबद्दलचा होता: डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत डी अँड डी. तुरुंगाने हा खेळ बंद केला. त्यातून टोळ्या तयार होतील, वैर आणि हिंसा वाढेल, जुगार चालेल अशी कारणं दिली गेली आणि त्यांच्या जोडीला आणखी एक: या खेळाने वास्तवापासून पळण्याचं व्यसन लागतं.

कैदी कोर्टात गेला. जानेवारी 2010 मध्ये सेव्हन्थ सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाने तुरुंगाच्या बाजूने निकाल दिला. खेळ धोकादायक असल्याचं सिद्ध झालं, असा या निकालाचा अर्थ होत नाही. तुरुंगाच्या सुरक्षेशी बंदीचा काही वाजवी संबंध जोडता येतो का, एवढाच कोर्टापुढचा प्रश्न होता आणि कोर्टाने ‘येतो’ म्हटलं. विशेष म्हणजे हा खेळ 1974 साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाला तोही विस्कॉन्सिनमध्येच, लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात.

वास्तवापासून पळण्याची हीच शंका आपल्याकडेही ऐकू येते, फक्त वेगळ्या शब्दांत. पुण्या-मुंबईत रविवारी पाच-पाच तास टेबलाभोवती बसून ‘मी बुटका योद्धा आहे’ म्हणणाऱ्या पोरांकडे बघून घरचे विचारतात, हे काय चाललंय? खऱ्या आयुष्याला कंटाळलात का? प्रश्न रास्त आहे आणि ‘नुसता खेळ आहे हो’ म्हणून तो उडवून लावणं मला पटत नाही. कारण या खेळात माणूस खरोखरच कुठेतरी जातो. तो कसा जातो आणि तिथे गेल्यावर काय करतो, हे नीट पाहिलं तर त्या शंकेला नीट उत्तर देता येतं.

आधी खेळ म्हणजे काय ते बघू. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. जगाचं वर्णन करणं, वाटेत भेटणाऱ्या माणसांच्या आणि राक्षसांच्या तोंडून बोलणं आणि नियमांचा निवाडा करणं हे त्याचं काम. बाकीच्या प्रत्येकाकडे एकेक पात्र असतं. त्या पात्राची ताकद, चपळाई (डेक्स्टेरिटी), अक्कल, हजरजबाबीपणा वगैरे आकड्यांत कॅरेक्टर शीटवर लिहिलेलं असतं. ‘तुम्ही काय करता?’ असं डीएम विचारतो आणि खेळाडू सांगतात. जिथे यश मिळेल की नाही याची खात्री नसते तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. पट असतोच असं नाही. जिंकणं-हरणंही नेहमीच्या अर्थाने नसतं. गोष्ट पुढे सरकत राहते, कधी दोन तास, कधी दोन वर्षं.

ही कल्पना एकदम उगवली नाही. तिची मुळं लष्करी युद्धखेळांत आहेत. एकोणिसाव्या शतकात प्रशियाचे अधिकारी नकाशावर लुटुपुटीच्या लढाया खेळत आणि एक पंच निकाल देई. पुढे अशा लढाया हौस म्हणून खेळल्या जाऊ लागल्या. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटामध्ये डेव्हिड वेस्ली या तरुणाने असाच नेपोलियनच्या काळातला खेळ मांडला. त्यात ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव होतं आणि गंमत म्हणून त्याने काही खेळाडूंना सैन्याऐवजी गावातल्या माणसांच्या भूमिका दिल्या. कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. झालं असं, की खेळाडू मूळ लढाई विसरून आपसांत कारस्थानं करू लागले, बाजूच्या खोलीत जाऊन गुप्त बोलणी करू लागले, दोघांनी तर द्वंद्वयुद्धच जाहीर केलं. त्यासाठी नियमच नव्हते, वेस्लीला ते जागेवर तयार करावे लागले. मुख्य लढाई झालीच नाही. वेस्लीला वाटलं, प्रयोग फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नेसनने हा धागा पकडून ब्लॅकमूर नावाचं स्वतःचं जग उभं केलं आणि गॅरी गायगॅक्सबरोबर त्यातून डी अँड डी तयार झाला.

म्हणजे या खेळाच्या जन्मातच रमण्याचा भाग होता. सैन्य हलवायला बसलेली माणसं एका माणसाच्या कातडीत शिरली आणि तिथून बाहेर यायला तयार होईनात.

आता हे रमणं जवळून पाहू. एखाद्या टेबलावरचं एक मिनिट घ्या.

डीएम सांगते, “पूल जुना आहे. फळ्या काळ्या पडल्यात. पलीकडे कोणीतरी कंदील घेऊन उभं आहे, पण हलत नाही.”

“मी हाक मारतो.”

“मार ना.”

खेळाडू आवाज खाली आणतो. “कोण आहे रे तिकडं?”

“उत्तर येत नाही. कंदील विझतो.”

कोणीतरी चिवड्याची वाटी पुढे सरकवतं. “अरे, तू मागच्या वेळी दोर घेतला होतास ना?”

“शीटवर लिहिलेला नाहीये.”

“मग नाही तुझ्याकडे.”

“ठीक. भैरू तसाच पळत जातो.”

“डेक्स्टेरिटी टाक.”

फासा घरंगळतो. चार. टेबलावर एकदम ‘अरेरे’. डीएम क्षणभर थांबते आणि म्हणते, “तिसरी फळी मोडते.”

समाजशास्त्रज्ञ गॅरी अॅलन फाइन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटामध्ये अशा खेळणाऱ्यांसोबत बसून, स्वतः खेळून अभ्यास केला आणि 1983 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं, की खेळणारा एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरत असतो. पहिल्या पातळीवर तो साधा माणूस असतो, चिवडा खाणारा. दुसऱ्या पातळीवर तो खेळाडू असतो, शीटवर दोर आहे की नाही ते बघणारा, शक्यतांचा हिशेब करणारा. तिसऱ्या पातळीवर तो भैरू असतो, अंधारात हाक मारणारा. वरच्या एका मिनिटात आपला खेळाडू या तीनही पातळ्यांवर फिरून आला आणि त्यासाठी कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. आवाज बदलला, ‘मी’चं ‘भैरू’ झालं, एवढ्यावरून सगळ्यांना कळलं.

यातली अवघड गोष्ट म्हणजे या तीन पातळ्यांवरचं ज्ञान सारखं नसतं. समजा, सराईचा मालक खोटं बोलतोय हे डीएमने एका खेळाडूला सगळ्यांसमोर सांगितलं. आता टेबलावरच्या प्रत्येकाला ते माहीत आहे. भैरू मात्र त्या वेळी तबेल्यात होता, त्याला माहीत नाही. म्हणून भैरूचा खेळाडू जाणूनबुजून त्या मालकावर विश्वास ठेवतो, त्याने दिलेली दारू पितो, आणि पुढे काय होणार हे कळत असूनही आपल्या पात्राला त्यात ढकलतो. तसं न करता बाहेरची माहिती आत वापरली की खेळणारे नाराज होतात. त्याला मेटागेमिंग म्हणतात. वास्तवाचा विसर पडलेल्या माणसाला हे जमणारच नाही. दोन्ही जगांच्या सीमा पक्क्या ठाऊक असलेलाच ते करू शकतो. लहान मुलं भातुकलीत रिकाम्या कपातला चहा फुंकून पितात तेव्हा त्यांनाही कप रिकामा असल्याचं पूर्ण माहीत असतं. ही तीच क्षमता आहे, फक्त मोठेपणी नियम आणि वह्या जोडून वाढवलेली.

मग या रमण्याला, ज्याला खेळणारे इमर्शन म्हणतात, नेमकं काय लागतं? सारा लिन बोमन या अभ्यासकांनी त्याचे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत. कोणी प्रत्यक्ष कृतीत रमतं, कोणी नियमांच्या डावपेचात, कोणी त्या जगाच्या नकाशा-इतिहासात, कोणी गोष्टीत, कोणी पात्राच्या मनात, तर कोणी सोबतच्या माणसांत. ही विभागणी मला फार उपयोगी वाटते, कारण टेबलावरची निम्मी भांडणं इथेच उगवतात. पात्राच्या आवाजात बोलणाऱ्याला वाटतं, आकडेमोड करणारा रसभंग करतोय. आकडेमोड करणाऱ्याला वाटतं, हा उगाच नाटक करतोय. खरं तर दोघंही रमलेले असतात, वेगवेगळ्या दारांनी आत आलेले. शांत बसून मंत्रांची यादी चाळणारी मुलगी कंटाळली आहे, असं समजू नये.

फिनलंडमध्ये, तुर्कू शहरातून, 2000 च्या सुमारास एक जाहीरनामा निघाला होता. वेशभूषा करून उभ्याने खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या वर्तुळातला. खेळाडूने पात्रात संपूर्ण विरघळून जावं, तेच या कलेचं ध्येय, असा त्याचा सूर होता. तिथे तो शोभतही असेल. टेबलावरच्या खेळात मात्र तो मला चालत नाही. इथे तुमचं पात्र बोलत असतं त्याच वेळी तुम्हाला शेजारच्याचं ऐकायचं असतं, त्याला जागा द्यायची असते, फासा मोजायचा असतो. जो पूर्ण बुडतो तो इतरांचा खेळ बुडवतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या टेबलावर पूल नाहीच. पाच डोक्यांत पाच पूल आहेत. एकाचा लाकडी, एकाचा दोरखंडाचा, एकीचा लहानपणी कोकणात पाहिलेल्या साकवासारखा. “फळ्यांना शेवाळ आहे का?” असं कोणी विचारतं, डीएम “हो, निसरडं आहे” म्हणते, आणि पाचही पूल एकमेकांच्या थोडे जवळ सरकतात. प्रश्न विचारत विचारत जग घट्ट होत जातं. काही महिन्यांनी तीच मंडळी ‘आपण त्या पुलावर अडकलो होतो ना’ असं म्हणतात, भैरू अडकला होता असं म्हणत नाहीत. आठवण ‘आपली’ झालेली असते.

फाशाचं काम इथेच कळतं. वरवर पाहता फासा हा रसभंग आहे. गोष्ट रंगात आली असताना मध्येच बेरीज-वजाबाकी कशाला? पण स्वप्नरंजनात काय होतं ते आठवा. खिडकीत बसून माणूस मनातल्या मनात राजा होतो, शत्रूला हरवतो, सगळे टाळ्या वाजवतात. त्या जगात त्याला कोणीच ‘नाही’ म्हणत नाही, म्हणून ते जग पोकळ राहतं आणि पाच मिनिटांत विटतं. टेबलावरच्या जगात ‘नाही’ म्हणणारे बरेच आहेत. वीस बाजूंच्या फाशावर एक पडण्याची शक्यता दर वेळी 5 टक्के असते, तुमचा बेत कितीही हुशारीचा असो. डीएमची माणसं तुमचं ऐकायला बांधलेली नसतात. शेजारचा खेळाडू म्हणतो, “माझी जादूगारीण त्या कैद्याला मारू देणार नाही.” तुमची इच्छा चार जणांच्या इच्छेवर आणि एका प्लास्टिकच्या तुकड्यावर आपटते. त्या आपटण्याने जग खरं वाटायला लागतं. या साऱ्या विषयात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. अडथळा नसलेल्या जगात माणूस रमत नाही, आणि अडथळे असलेल्या जगाला निव्वळ पळवाट म्हणणं अवघड जातं.

पळण्याबद्दल ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी 1939 साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या व्याख्यानात एक फरक मांडला होता. परीकथांना पलायनवादी म्हणून हिणवणारे लोक दोन गोष्टींची गल्लत करतात, असं त्यांचं म्हणणं. कैद्याने तुरुंगातून सुटायची धडपड करणं वेगळं आणि सैनिकाने मोर्चा सोडून पळणं वेगळं. कोठडीत बसलेल्या माणसाने भिंतींखेरीज दुसरं काही मनात आणलं तर त्यात लाज कसली?

टॉल्किन रूपकात बोलत होते. टेक्सासमध्ये ते शब्दशः घडलं. तिथल्या पोलुन्स्की तुरुंगात मृत्युदंडाचे कैदी एकेकट्या कोठड्यांत, दिवसाचे बहुतेक तास बंद, वर्षानुवर्षं राहतात. 2023 मध्ये ‘द मार्शल प्रोजेक्ट’ या वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार त्यातले काही जण डी अँड डी खेळत. एकमेकांचा चेहरा न दिसता, ओरडून आणि चिठ्ठ्या सरकवून. फाशांना बंदी होती, म्हणून कागदाच्या चकत्या-फिरक्या बनवल्या होत्या. नियमपुस्तकं सहज मिळत नसत, म्हणून बरंच काही हाताने लिहिलेलं. एकाचं पात्र होतं बुद्धिमान संशोधक, प्रेमळ आई-वडिलांच्या घरात वाढलेला, शिकलेला. त्याला स्वतःला यातलं काही लाभलं नव्हतं. या माणसांनी केलेले गुन्हे गंभीर होते आणि खेळाने ते पुसले जात नाहीत. पण वॉपनच्या अधिकाऱ्यांना ज्याची भीती वाटली तेच इथे घडत होतं, आणि त्यातून निर्माण झालं ते मुख्यतः एकमेकांशी बोलायचं कारण. दुसऱ्याच्या पात्राला वाचवायचं तर त्याचं ऐकावं लागतं, वाट बघावी लागते, वचन पाळावं लागतं.

तरीही प्रत्येक पळणं सारखं नसतं, हे मान्य करायला हवं. नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ फ्रोडे स्टेनसेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये पलायनाचे दोन प्रकार मांडले. छंदात बुडून जाणारा माणूस कधी स्वतःतलं काही दाबण्यासाठी बुडतो: नको त्या विचारांपासून, अपयशापासून, घरातल्या तणावापासून सुटका म्हणून. कधी तो स्वतःत काही भर घालण्यासाठी बुडतो: नवा अनुभव, नवं कौशल्य, नवा आनंद. दोघांचा रविवार बाहेरून अगदी सारखा दिसतो. तेच पाच तास, तेच फासे. पण सोमवारी सकाळी फरक कळतो. एकजण उल्हसित मनाने कामाला लागतो. दुसऱ्यापुढे तोच डोंगर जसाच्या तसा उभा असतो आणि त्याला पुढच्या रविवारखेरीज काही सुचत नाही. एकाच माणसात दोन्ही मिसळलेले असतात, हेही खरं. ऑफिसात वाईट आठवडा गेला म्हणून खेळायला आलेला माणूस पळतोच आहे. त्यात बिघडलं काही नाही.

ही पारख न करता नुसतं खेळाला झोडपलं की काय होतं ते अमेरिकेने पाहिलं. 1979 साली मिशिगन स्टेट विद्यापीठातला 16 वर्षांचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला. तो डी अँड डी खेळायचा, एवढ्यावरून विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत खेळता खेळता तो हरवला असावा, अशी बातमी देशभर झाली. महिन्याभराने तो दुसऱ्या राज्यात सापडला. त्याच्या जाण्यामागे खेळ नव्हता, खोल नैराश्य होतं. पुढच्या वर्षी त्याने जीव दिला. तोवर खेळाची बदनामी पक्की झाली होती आणि 1980 च्या दशकात तिने चांगलंच मूळ धरलं. मला यातलं सगळ्यात दुःखद वाटतं ते हे, की सगळे बोगदे शोधत राहिले आणि मुलाच्या मनात काय चाललंय हा प्रश्न मागे पडला.

पात्राच्या भावना खेळाडूत आणि खेळाडूच्या पात्रात झिरपतात, हे मात्र खरं आहे. अमेरिकन गेम डिझायनर एमिली केअर बॉस यांनी 2007 मध्ये याला ‘ब्लीड’ असं नाव दिलं आणि ते रूढ झालं. भैरूचा मित्र लढाईत मेला की भैरूचा खेळाडू घरी जाताना गप्प असतो. उलटही होतं. ज्याचं त्या आठवड्यात बॉसशी वाजलंय, त्याचं पात्र विनाकारण सरदाराच्या अंगावर धावून जातं. कित्येकदा हेच हवं असतं. भिडस्त मुलगी पात्राच्या तोंडून पहिल्यांदा ठामपणे ‘नाही’ म्हणते आणि तो ठामपणा थोडा तिच्याकडे राहतो. पण दोन खेळाडूंचं खरं भांडण पात्रांच्या आडून सुरू झालं तर टेबल फुटतं.

म्हणून अनुभवी मंडळी आधीच काही गोष्टी ठरवून घेतात. मोहीम सुरू होण्यापूर्वी एक बैठक होते, सेशन झीरो. गोष्ट कशा प्रकारची असेल, कोणते विषय अजिबात नकोत, कोणते आले तरी पडद्याआड ठेवायचे, हे तिथे बोलून घेतात. टेबलावर एक्स काढलेलं कार्ड ठेवायची पद्धत जॉन स्टाव्हरोपोलोस यांच्यामुळे पसरली. खेळताना काही असह्य झालं तर त्या कार्डाला हात लावायचा. तो भाग वगळला जातो आणि कारण विचारलं जात नाही. काही जुन्या खेळाडूंना याने रंगाचा बेरंग होईल असं वाटतं. माझं मत उलट आहे. बाहेर पडायचं दार कुठे आहे हे माहीत असलेला माणूस आत जास्त निर्धास्तपणे जातो. खेळ संपल्यावर लगेच पांगण्याऐवजी थोडा वेळ गप्पा मारत बसणंही तितकंच उपयोगी. तेवढ्यात आवाज पुन्हा आपापले होतात.

आणि एखादा जण खरंच काही दाबण्यासाठी येत असेल तर? टेबलावरच्या खेळाची एक जमेची बाजू अशी, की इथे समोर माणसं असतात. दर आठवड्याला तोच चेहरा बघणाऱ्या चौघांना बदल लवकर दिसतो. कॉलेज बुडवतोय, झोप होत नाहीये, आठवड्यात फोन उचलत नाही पण खेळाला सगळ्यांच्या आधी हजर, पात्राला खरचटलं तरी डोळ्यांत पाणी. अशा वेळी डीएमने किंवा जवळच्या मित्राने पुढच्या सेशनची तारीख ठरवण्याआधी त्याला बाजूला घेऊन सरळ विचारावं, भैरूचं राहू दे, तुझं काय चाललंय? घरच्यांनीही खेळ बंद करायच्या आधी हेच विचारावं. गरज वाटली तर समुपदेशकाकडे जायला सोबत करावी. खेळ महिनाभर थांबला तरी काही बिघडत नाही.